चौथ्या मीटरची सरासरी

४ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. संचालक म्हणाले, "मोठ्या कामाची टिपणं ठेवावीत, पुढे उपयोगी पडतात." मोठं काम म्हणजे देशाचा हरितगृह वायूंचा अहवाल. गाड्या, कारखाने, गोठे, कचरा, कशातून किती वायू हवेत जातो याचा अख्ख्या देशाचा आकडा आमचं कार्यालय काढतं, आणि बाहेरचे तपासनीस येऊन तो तपासतात. या खेपेला ते ऑक्टोबरात येणार. 'कचरा' हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं तेव्हा चौघे तोंडावर हात धरून हसले. हसोत बापडे. उपसंचालक नोव्हेंबरअखेर निवृत्त होतात आणि त्यांची खुर्ची मी या कचऱ्यातूनच उपसून काढणार आहे.

पाठीमागे मला 'सरासरी' म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. नियम माझाच आहे: एखादा आकडा गेल्या पाच वर्षांच्या सरासरीच्या तिपटीवर गेला, की तो मीटरचा नाहीतर वाचणाऱ्याचा दोष समजायचा, खोडायचा आणि जागी सरासरी लिहायची. रकाना रिकामा राहत नाही, आलेख वेडावाकडा उड्या मारत नाही. बारा वर्षांत एकाही तपासनिसाने हरकत घेतलेली नाही.

११ फेब्रुवारी

सात नंबरच्या कचरा डेपोची वही आली. अक्षर पाहूनच डोकं उठतं. तिथला मीटरवाचक म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, ही सोळाची. हिनेच वाढवला. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तेही सगळं त्याच्याच खाती. ही त्याला सोन्या म्हणते. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण सोन्या. तीन धंद्यांत हात पोळून झाल्यावर हिच्या डोळ्यांतल्या पाण्यापायी मी त्याला इथे चिकटवला. कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं क्वार्टर, बायको सोबत, काम काय तर दिवसातून दोनदा चार मीटर वाचायचे.

तीन मीटर डोंगरावर. तिथे कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन मोजायचा. चौथा क्वार्टरच्या भिंतीजवळ, नुसत्या मोकळ्या हवेचा. हवेत मुळातच थोडा मिथेन असतो, तेवढा वरच्या तिघांतून वजा करायला. चौथा नेहमी दोन पॉइंट एक दाखवतो. वर्षानुवर्षं. शहाण्या नोकरासारखा.

२ मार्च

सात नंबरचा डोंगर एकटाच कचऱ्याच्या प्रकरणाचा तिसरा हिस्सा खातो. आज बैठकीत मी उपाय मांडला. डोंगरावर मातीचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिकची चादर, त्यावर हिरवळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. संचालकांनी मान डोलावली.

धोकाबाईंना मात्र चैन पडेना. ह्या शेजारच्या कक्षातल्या. हवामान बदलल्यामुळे देशात कुठे पूर, कुठे उष्णता, कुठे काय कोसळेल याचं धोक्याचं रजिस्टर त्या ठेवतात, आणि वीस वर्षं तेच करून आता त्यांना पाण्याच्या पेल्यातही पूर दिसतो. म्हणाल्या, "वरून कोंडलात तर तो बाजूने निघेल. आत उभ्या नळ्या घाला, वर तोंड उघडं ठेवा. सगळीकडे घालतात."

नळ्या मूळ आराखड्यात होत्याच. सव्वीस. मीच काढायला लावल्या. कारण साधं आहे. नळी लावली की ती उत्सर्जनाचा स्रोत म्हणून तक्त्यात नोंदवावी लागते, तिचा आकडा स्वतंत्र मोजावा लागतो. म्हणजे सव्वीस नवे रकाने, आणि सगळे चढे. झाकायचं ते झाकायचं आणि वर सव्वीस भोकं पाडून मोजत बसायचं, हे कुठलं शहाणपण!

"बाजूला काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "मोकळी जागा. आणि माझा मेहुणा."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्या कधीच हसत नाहीत.

१९ एप्रिल

डोंगर झाकून झाला. पाहायला गेलो होतो. काय देखणा दिसतो! खाली काय दडलंय याचा पत्ता लागत नाही. हिरवळीवर उभा राहून फोटो काढून घेतला.

क्वार्टरमध्ये चहा घ्यावा लागला. मेहुण्याची बायको म्हणाली, "भाऊजी, हल्ली घरात आंबूस वास येतो. मोरीच्या फटीतून येतो." मला काही आला नाही. तसं माझं नाक लहानपणापासूनच चोंदलेलं, वायूंचा हिशेब ठेवायला नाक लागत नाही म्हणून चाललंय. मेहुणा माझ्यासमोर नेहमीसारखा खालमानेने उभा. निघताना म्हणाला, "ताईला सांगा, मी बरा आहे." मी सांगायला विसरलो. आता आठवलं.

२३ मे

डोंगरावरचे तिन्ही मीटर धाडकन खाली आले. जवळजवळ शून्य! संचालकांनी पाठीवर थाप मारली. तीही निवृत्त होणाऱ्या उपसंचालकांच्या देखत, हे महत्त्वाचं.

चौथा मात्र २१ दाखवतो. मेहुणा दशांशचिन्ह विसरला, दुसरं काय. २.१ करून टाकलं.

१७ जून

दशांशचिन्ह पुन्हा विसरला, आणि या खेपेला आकडाही चुकला. चौथा ६४. वरच्या तिघांतून चौसष्ट वजा केले तर उत्तर शून्याखाली गेलं. म्हणजे कचऱ्याचा डोंगर हवेतला मिथेन गिळतोय! संगणकाने तक्ता घेतलाच नाही. नियमाप्रमाणे खोडला, सरासरी टाकली, तक्ता मुकाट्याने आत गेला.

वहीच्या शेरा-रकान्यात मेहुण्याने लिहिलंय: 'मीटर तीनदा पुसून वाचला. आकडा खरा आहे. क्वार्टरच्या मागे सहा कबुतरं मेलेली.' शेरा तांत्रिक बाबींसाठी असतो, कबुतरांसाठी नव्हे. तांबड्या शाईने तसं लिहून वही परत पाठवली.

८ जुलै

ही जेवायला वाढताना म्हणाली, "सोन्याचं डोकं सारखं दुखतं म्हणे. दोघांचंही. त्याची शहरात बदली करता नाही का येणार?"

म्हणजे असं आहे तर! चढे आकडे, मेलेली कबुतरं, डोकेदुखी, सगळ्याची गोळाबेरीज बदली. नाचता येईना अंगण वाकडं. मी हिला समजावलं की तपासनीस येण्याआधी तिथला माणूस हलवला तर लोकांना संशय येईल. डोकं दुखतं ते बाहेरच्या घाणीने, खिडक्या बंद ठेवायला सांग.

"तुम्ही बघून आला होतात ना? ठीक आहे ना तिथे?"

"सगळं ठीक आहे."

"मग सांगते तसं," ही म्हणाली. हिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे, ही संसारातली जमेची बाजू.

१२ ऑगस्ट

चौथा २४०.

हा आकडा मी दोनदा वाचला, लपवत नाही. तिपटीचा नियम मीच केला, पण एकशेचौदा पटीला काय म्हणायचं? मुद्दाम लिहायचा तर माणूस दहा लिहील, वीस लिहील. क्षणभर वाटलं, जाऊन बघावं. डेपोवर फोन लावला. कुणी उचलला नाही. मग चहा आला, संचालकांचं बोलावणं आलं, आणि मधल्या वेळात मला उलगडलं: मीटर जुना झालाय. नवा मागवला तर मागचे आकडेही संशयात येणार, म्हणून मागवणं ऑक्टोबरनंतर. २.१.

बाहेर पडताना धोकाबाई जिन्यात भेटल्या. विचारलं, "सातचा चौथा काय म्हणतो?" मी म्हटलं, "तुमची आठवण काढतो."

९ सप्टेंबर

आज एक धडा शिकवला, तो लिहून ठेवतो.

साडेदहाला मेहुण्याची बायको कार्यालयात हजर. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मूळ वही. टपालाने यायची वस्तू स्वतः घेऊन, तीही नात्याचा हक्क गाजवत सरळ माझ्या टेबलापर्यंत. चार लोक बघत होते.

"भाऊजी, एकदा नजर टाका. काल नऊशे आला. मी स्वतः त्यांच्या मागे उभी राहून वाचला. आज ते उठलेच नाहीत, डोकं उचलवत नाही म्हणतात. रोज सकाळी मी खिडक्या उघडते—"

"खिडक्या बंद ठेवायला सांगितलं होतं."

"रात्री बंदच ठेवतो. पण सकाळी उघडल्याशिवाय श्वास घेववत नाही हो. आज बसच्या घाईत राहूनच गेल्या. मला चारची बस गाठायचीय, ते उठले की चहा लागतो त्यांना."

मी म्हटलं, "बाकावर बस. मोकळा झालो की बोलावतो."

सकाळी सादरीकरणाची तालीम होती. दुपारी खरं तर मोकळाच होतो, शब्दकोडं सोडवत बसलो. काचेतून दिसत होती. पिशवी मांडीवर, पाय जुळवलेले. दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. धोकाबाईंनी तिला पाणी दिलं, आपल्या डब्यातलं दिलं, शेजारी बसून वहीत डोकं घातलं. एकदा आत येऊन मला म्हणाल्या, "अहो, तिला जाऊ द्या आणि कुणाला तरी तिकडे पाठवा. आत्ता." मी म्हटलं, "बाई, हा कौटुंबिक मामला आहे." चारची बस गेली तेव्हा ती उठून दारापर्यंत आली, पुन्हा जाऊन बसली.

पावणेपाचला बोलावलं, वही घेतली, खणात टाकली आणि सांगितलं, "बघतो. आणि यापुढे टपालाने." रिकाम्या पिशवीची घडी घालून गेली. यापुढे कुणी असं उठून येणार नाही.

आता पाच वीस. आजच्या पुरतं काम संपलं. छान झालं.

१४ सप्टेंबर

सोन्या गेला.

त्या दिवशीच. सव्वापाचला. रखवालदाराने सांगितलं ते असं: दिवसभर घर बंद होतं. पाचच्या सुमारास उठला, दारात येऊन विचारलं, "बस आली का?" नव्हती. आत गेला. चहा टाकायला काडी ओढली असणार. भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या, छप्पर डोंगराच्या हिरवळीवर जाऊन पडलं. त्याची बायको साडेसहाच्या बसने पोचली तेव्हा लोक विटा उचलत होते.

मला रडू आलं. खरंच आलं, दाखवायला नव्हे.

ती आता आमच्याकडे आहे. बोलत नाही. बायकोही बोलत नाही. घरात दोघी असून भांड्यांचाच काय तो आवाज. धीर द्यावा म्हणून काल मी बायकोला म्हटलं, "एक ध्यानात घे. मी तिला बाकावर बसवून ठेवलं म्हणून ती तरी वाचली. चारच्या बसने गेली असती तर दोघंही गेली असती. देव तारी त्याला कोण मारी."

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग विचारलं, "चारची बस तिथे किती वाजता पोचते?"

"पाऊण तासात. पावणेपाचला."

"म्हणजे अर्धा तास होता," ती म्हणाली. "खिडक्या उघडायला."

दुःखात माणूस काहीही बोलतो. मी मनावर घेतलं नाही.

३० सप्टेंबर

चौकशी समिती बसली. माझी छापील तक्त्यांची प्रत त्यांच्यापुढे. चौथा मीटर जानेवारीपासून नऊ सप्टेंबरपर्यंत: २.१, २.१, २.१. अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे पूर्वसूचना काहीच नव्हती."

"काहीच नव्हती," मी म्हटलं. तक्त्यात नव्हतीच.

मूळ वही मागितली. मी सांगितलं, क्वार्टरबरोबर जळाली. खरं म्हणजे ती मी दहा तारखेलाच घरी आणून कपाटात, गरम कपड्यांखाली ठेवलीय. लपवायचं असं काही नाही. पण चुकीच्या आकड्यांची वही अशी समितीपुढे टाकली तर गोंधळच वाढायचा.

मेहुण्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. हळूच म्हणाली, "वही मी तुमच्या हातात दिली, भाऊजी. तुम्ही खणात ठेवलीत."

मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं की बाईंना धक्का बसलाय, माझ्याच घरी असतात, रात्र रात्र आकडे पुटपुटतात. हे खोटं नाही, पुटपुटते ती. एकवीस, चौसष्ट, दोनशे चाळीस, नऊशे. अध्यक्षांनी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि कागदावर लिहिलं: शेगडी हाताळण्यात मृताचा निष्काळजीपणा.

धोकाबाईंना समितीने बोलावलं नव्हतं. त्यांचा कक्ष वेगळा.

२ ऑक्टोबर

घरात उगाच गैरसमज नको म्हणून छापील तक्ता घरी आणला आणि जेवणं झाल्यावर दोघींपुढे ठेवला. "बघा तुम्हीच. कुठे आहे नऊशे?" बायकोने चौथ्या मीटरच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सावकाश, एकेका आकड्यावर थांबत. मग विचारलं, "माणसाने दुसरा आकडा लिहून पाठवला तरी इथे हाच येतो?"

मला बरं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा हिने माझ्या कामात रस घेतला. तिपटीचा नियम नीट समजावून सांगितला. ती कान देऊन ऐकत होती.

९ ऑक्टोबर

बायकोचं एक नवीनच चाललंय. सकाळी विचारलं, "झोप लागली का?" तर म्हणाली, "दोन पॉइंट एक." दुपारी फोन करून विचारलं, "जेवलात का दोघी?" "दोन पॉइंट एक." संध्याकाळी म्हटलं, "बरं आहे ना सगळं?" तेच.

चला, विनोद सुचायला लागले. महिनाभर तोंड शिवलेलं होतं, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

२२ ऑक्टोबर

तपासनीस आले, तीन दिवस राहिले, खूश होऊन गेले. कचऱ्याच्या प्रकरणाला 'अनुकरणीय' म्हणाले. एकाने विचारलं, झाकलेल्या डोंगरात नळ्या का नाहीत. मी म्हटलं, गरज पडली नाही.

स्फोटाची नोंद कशी घ्यायची हा प्रश्न शेवटच्या दिवशी निघाला. वाटलं, वर्षाचा आकडा चढणार. पण हिशेब मांडला तर वेगळंच दिसलं. एक टन मिथेन तसाच हवेत गेला तर तक्त्यात अठ्ठावीस टन धरावा लागतो, जळून गेला तर तीनच्या आत. म्हणजे त्या संध्याकाळी जो काही जळला, तो तसाच बाहेर पडला असता तर आम्हाला दहापट महाग पडला असता. वर्षाचा आकडा उलट किंचित सुधारला. तळटीप मी स्वतः लिहिली, तीन ओळींची. तपासनीस म्हणाले, सुटसुटीत आहे.

तळटिपेत सोन्याचं नाव घालायला जागा नव्हती. घालतही नाहीत.

३ नोव्हेंबर

आदेश निघाला. एक डिसेंबरपासून मी उपसंचालक!

पेढे वाटावेत तसा आदेश साऱ्या कक्षांत फिरवून आणला. धोकाबाईंनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "पेढे घरी नेणार? खाणार कोण तिथे?" या बाईंचं बोलणं कधी सरळ नसतंच.

कार्यालयातून निघण्यापूर्वी सातचा शेवटचा तक्ता भरला. नऊ सप्टेंबरनंतर चौथा मीटरच नाही, वाचणाराही नाही, पण रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. ऑक्टोबर संपेपर्यंत २.१ भरले. हात थोडा थांबला होता एका ठिकाणी, दहा तारखेच्या रकान्याशी. मग भरला.

बातमी सांगायला लवकर घरी आलो तर दोघी नाहीत. ट्रंकेच्या जागी जमिनीवर चौकोनी डाग. बायकोच्या चपला नाहीत, तिचे चार कपडे नाहीत, सोन्याचा लहानपणीचा भिंतीवरचा फोटो नाही. दोघी चार दिवस कुठे हवापालटाला गेल्या असतील, जावंच. कपाट उघडं होतं. गरम कपडे नीट घडी करून एका बाजूला ठेवलेले, खालची वही नाही. रद्दीत टाकली असेल. बरं झालं, मलाही तिचं ओझंच होतं.

ओट्यावर चिठ्ठी होती, पाण्याच्या पेल्याखाली. हिचं अक्षर.

'आमची वाट बघू नका. आमच्या जागी सरासरी धरा.'

दोनदा वाचली. थट्टा आहे, पण कशावरून ते नीटसं कळलं नाही. आल्यावर विचारीन.

आत्ता समितीच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला. उद्या दहाला पुन्हा बोलावलंय. आवाज जरा तुटक वाटला, पण मोठी माणसं फोनवर तशीच बोलतात. बहुधा अभिनंदन करायचं असेल. धोकाबाईही आहेत म्हणे, आणि आणखी दोघी. निळा शर्ट घालावा म्हणतो, पण त्याला इस्त्री नाही, आणि इस्त्री कुठे ठेवतात ते मला माहीत नाही.